लिंबूवर्गीय झाडांसाठी सेंद्रिय व जैविक खते

संत्री, मोसंबी, लिंबू, पपनस, ग्रेपफ्रूट या झाडांना दिली जाणारी शेणखत, कंपोस्ट, गांडूळखत, पेंड, हाडांचा चुरा ही सेंद्रिय खते. उपयुक्त जिवाणू किंवा बुरशीची जिवंत संवर्धके ही जैविक खते. सेंद्रिय खतातून झाडाला प्रत्यक्ष अन्नद्रव्ये मिळतात. जैविक खतात ती नगण्य असतात. जमिनीत किंवा हवेत असलेली अन्नद्रव्ये मुळांना मिळवून देणे एवढेच त्याचे काम. त्यामुळे एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

या झाडांच्या मुळांवरील मूळकेस आखूड आणि विरळ असतात. स्फुरद (फॉस्फरस) तर मातीत जेमतेम हलतो, म्हणजे मुळाने त्याच्यापर्यंत पोहोचायला हवे. ही उणीव मायकोरायझा बुरशी भरून काढते: ती मुळात शिरते, तिचे तंतू बाहेरच्या मातीत दूरवर पसरतात आणि स्फुरद, जस्त, तांबे आत आणतात. रोगजंतू मारण्यासाठी धुरी देऊन निर्जंतुक केलेल्या रोपवाटिकांत लिंबूवर्गीय रोपे खुजी राहत. स्वच्छ मातीत वाढ खुंटावी हे कोडेच होते. रोगजंतूंबरोबर ही बुरशीही नष्ट होत असल्याचे 1970च्या दशकाच्या सुरुवातीस दाखवण्यात आले. म्हणूनच मायकोरायझा रोपवाटिकेतच, मुळांना लागेल असा देणे सर्वांत फायद्याचे. स्फुरदयुक्त रासायनिक खत भरमसाट दिल्यास मात्र या बुरशीची वाढ दबते.

शेणखतात नत्र साधारण 0.5 टक्का, एरंडी व निंबोळी पेंडीत 4 ते 5 टक्क्यांच्या आसपास. शेणखतातले सगळे नत्र पहिल्याच हंगामात मिळत नाही आणि थंड जमिनीत ते आणखी सावकाश सुटते. त्यामुळे फुले दिसल्यावर शेणखत टाकणे म्हणजे उशीरच. ते नवती (नवी पालवी) फुटण्याच्या बऱ्याच आधी द्यावे. उलट फळे पक्व होताना नत्र सुटत राहिले, तर साल जाड होते आणि रंग उशिरा येतो. हा दोष बहुधा जातीच्या माथी मारला जातो.

अन्न घेणारी तंतुमुळे बहुतांशी वरच्या 30 ते 60 सेंमी थरात असतात. खत फांद्यांच्या घेराखाली पसरून हलके मिसळावे, खोल खणू नये. बुंध्याशी ढीग केल्यास ओल टिकून फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे डिंक्या रोग (बुंध्यातून डिंक गळणे) बळावतो. कच्चे शेण टाळावे. त्यातून तणांचे बी येते, क्षारही वाढतात आणि ही झाडे क्षारांना नाजूक आहेत.

जिवाणू खतांत नत्रासाठी अ‍ॅझोटोबॅक्टर व अ‍ॅझोस्पिरिलम, तर स्फुरदासाठी बॅसिलस व स्युडोमोनासच्या काही जाती वापरतात. रायझोबियम शेंगवर्गीय पिकांचे. झाडांमध्ये तशी आच्छादन पिके घेतली तरच त्याला अर्थ. ट्रायकोडर्मा ही बुरशी खतांसोबत मिळत असली तरी ती मुख्यतः मूळकुजीविरुद्ध आहे. ही संवर्धके ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून द्यावीत; कोरड्या, तापलेल्या मातीत ती तग धरत नाहीत. चुनखडीच्या जमिनीत एवढे करूनही नवी पाने शिरांमध्ये पिवळी पडू शकतात. तेथे जस्ताची कमतरता असल्यास पानांवर फवारणी करावी लागते.