क्रुकेड हाऊस

इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात, डडलीजवळच्या हिमली गावाबाहेर असलेली पबची कललेली वास्तू. २०२३ मध्ये नष्ट. नावाचा अर्थ 'वाकडे घर'. ती १७६५ मध्ये शेतघर म्हणून बांधली गेली आणि १८३० च्या सुमारास तिथे पब सुरू झाला, असे सर्वसाधारणपणे मानतात. यांतील १८३० हे साल अधिक ढोबळ धरावे. जमीनमालक सर स्टीफन ग्लिन यांच्यावरून पबला 'ग्लिन आर्म्स' हे नाव पडले. हे गृहस्थ पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे मेहुणे. त्यांनी पाच हजारांहून अधिक चर्चवास्तूंची टिपणे केली. स्थानिक बोलीत वास्तूला 'सायडन हाऊस' म्हणत. 'सायडन' म्हणजे वाकडे.

परिसरातील कोळशाचा मुख्य थर सुमारे ९ मी. जाडीचा. तो काढल्यावर वरची जमीन खचली आणि विटांच्या या इमारतीची एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे १.२ मी. खाली गेली. १९४० च्या दशकात ती धोकादायक ठरली होती. तथापि एका मद्यनिर्मिती कंपनीने ती विकत घेऊन विटांचे धिरे व लोखंडी तुळया यांच्या आधाराने टिकवली. कल मात्र काढला नाही, आणि तेच शहाणपणाचे होते.

आतल्या टेबलावर ठेवलेली गोटी चढावर घरंगळते असे वाटे. खरे तर ती उताराकडेच जाई. दारे, चौकटी, फळ्या सगळे भिंतींबरोबर कललेले असल्याने डोळा त्यांनाच सरळ धरतो. ओळंबा सोडला तर ओळंबाच तिरका भासतो. कानातील तोलाची जाणीव मात्र खरी दिशा सांगते. या विसंगतीमुळे काहींना न पिताही भोवळ येई.

राष्ट्रीय संरक्षित इमारतींच्या सूचीत वास्तूचा समावेश नव्हता. विक्रीनंतर थोड्याच दिवसांत, ५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री तिला आग लागली. पोलिसांनी जाळपोळ म्हणून तपास हाती घेतला. ७ ऑगस्टला उरलेल्या भिंतीही पाडण्यात आल्या. संपूर्ण पाडकामाला आपली संमती नव्हती, असे स्थानिक परिषदेने सांगितले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने मालकांना तीन वर्षांत वास्तू पूर्ववत उभारण्याची नोटीस दिली. मालकांनी या नोटिशीविरुद्ध अपील केले. ढिगाऱ्यातून हजारो विटा वेगळ्या काढून ठेवण्यात आल्या.