शेतीचं लाल डिझेल आणि त्यातली न दिसणारी खूण

‘लाल डिझेल पिकअपमध्ये भरलं की इंजिनाची वाट लागते’ हा अमेरिकेतला जुना समज. एके काळी त्यात तथ्य होतं, आज जवळजवळ नाही. ट्रॅक्टरचं लाल डिझेल आणि महामार्गावरच्या पंपावरचं डिझेल बहुतेक वेळा डेपोतल्या एकाच टाकीतून येतं. टँकर भरला जात असताना नळीत लाल रंगाची मोजून धार सोडली की झालं शेतीचं डिझेल! शेतीसाठी सवलत असल्यामुळे त्यावर गॅलनमागे 24.4 सेंट केंद्रीय कर लागत नाही, राज्यांचा रस्तेकरही साधारणपणे वाचतो. तेच डिझेल रस्त्यावर धावणाऱ्या पिकअपच्या टाकीत घातलं, तर ती करचोरी. रंग आहे तो ही चोरी पकडण्यासाठी.

समज मुळात आला गंधकामुळे. शेती आणि बांधकामाच्या यंत्रांना पूर्वी हजारो पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) गंधक असलेलं डिझेल चालायचं. गंधक जळून सल्फेट होतं, ते धुराड्यातल्या उत्प्रेरकावर बसतं आणि काजळीचा फिल्टर तुंबतो. 2007 मध्ये या डिझेलवर 500 पीपीएमची मर्यादा आली आणि 2010 मध्ये 15 पीपीएमची, म्हणजे रस्त्यावरच्या डिझेलइतकीच. (आपल्याकडे बीएस-6 ची मर्यादा 10 पीपीएम आहे.) घर तापवण्याच्या भट्टीचं तेलही लालच असतं, मात्र ते वेगळं. त्याच्या प्रमाणकात सीटेन अंकाची, म्हणजे इंधन किती चटकन पेटतं त्या मापाची, अट नाही, वाहनाच्या डिझेलला किमान 40 लागतो. शेतीचं लाल आणि भट्टीचं लाल यांत गल्लत झाली, तर इंजिन खडखडेल. दोष तेव्हाही रंगाचा नसतो.

आता रंग किती असतो ते पाहू. अमेरिकी नियमात हजार बॅरलला 3.9 पौंड असं प्रमाण आहे. लिटरमागे हे सुमारे 11 मिलिग्रॅम भरतं. पिकअपच्या 26 गॅलनच्या, म्हणजे साधारण 98 लिटरच्या टाकीत जेमतेम एक ग्रॅम! या रंगात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन एवढीच मूलद्रव्यं, म्हणून तो डिझेलबरोबर जळून जातो, राख मागे राहत नाही. पिस्टन लाल होतो, धूर गुलाबी येतो, या निव्वळ दंतकथा आहेत.

दंडाचं गणित सोपं आहे. 26 गॅलनवर केंद्रीय कर वाचतो सव्वासहा डॉलर. पकडलं गेलं तर गॅलनमागे 10 डॉलर किंवा 1000 डॉलर, यांत जे जास्त असेल ते भरायचं, आणि पुन्हा सापडलात तर ते पटीत वाढतं. टाकी तपासू दिली नाही, तरी 1000 डॉलरचा वेगळा दंड. पिकअप शेतकऱ्याची आहे, तिला शेतीची नंबरप्लेट आहे, ती फक्त खत वाहते, यातला एकही बचाव चालत नाही. पिकअपच्या हौद्यात वेगळी टाकी ठेवून लाल डिझेल शेतातल्या ट्रॅक्टरपर्यंत नेणं मात्र पूर्ण कायदेशीर आहे. त्या टाकीची नळी गाडीच्या इंधनवाहिनीला जोडलेली नसावी, एवढंच.

ब्रिटनमध्ये मोह मोठा आहे. मार्च 2022 पासून रस्त्यावरच्या डिझेलवर लिटरला 52.95 पेन्स कर लागू झाला आणि शेतीच्या डिझेलवर 10.18 पेन्स. 80 लिटरच्या टाकीमागे 34 पौंडांचा फरक! त्यामुळे करखातं आणि करचोर यांच्यातली खरी रसायनांची लढाई युरोपात झाली.

ती लढाई कळायला रंग आणि खूण यांतला फरक आधी समजून घ्यायला हवा. खूण म्हणजे तपासणीसाठी मिसळलेलं, एरवी नजरेत न भरणारं रसायन. रंग डोळ्यांसाठी असतो. अमेरिकेत सॉल्व्हंट रेड 164, ब्रिटनमध्ये सॉल्व्हंट रेड 24. दोन्ही ॲझो कुळातले: दोन नायट्रोजन अणूंच्या दुहेरी बंधाने जोडलेली बेंझिनसारखी वलयं. या लांब सलग साखळीतले इलेक्ट्रॉन हिरव्या पट्ट्यातला प्रकाश शोषतात, म्हणून उरलेला प्रकाश लाल दिसतो. ब्रिटनमधल्या या रंगाचं दुसरं नाव सुदान-4. याच सुदान घराण्यातला सुदान-1 भारतातून गेलेल्या मिरची पुडीत 2003 साली युरोपात सापडला आणि मोठा गहजब झाला होता. हे रंग तेलात विरघळणारे आणि स्वस्त, म्हणून ते डिझेललाही चालतात आणि तिखटात भेसळ करणाऱ्यालाही.

रंगाची अडचण अशी की तो पातळ करता येतो. लाल डिझेलात वीसपट साधं डिझेल मिसळलं की उघड्या डोळ्यांना फिकट पिवळसरच दिसतं. प्रयोगशाळेतल्या वर्णपटमापकाला तेवढी गुलाबी छटाही पुरते, पण रस्त्याच्या कडेला उभ्या निरीक्षकाला बाटलीत चटकन दिसेल असं काहीतरी हवं. तिथे खूण कामी येते.

ब्रिटनने क्विनिझरिन निवडलं. त्याचा रेणू म्हणजे तीन जोडवलयं आणि त्यांवर दोन हायड्रॉक्सिल गट. डिझेलात त्याची फक्त हलकी पिवळी-नारिंगी झाक असते. नमुन्यात अल्कली घालून हलवलं की हे गट प्रोटॉन सोडतात, रेणूवर ऋण प्रभार येतो, तो तेलातून खालच्या पाण्याच्या थरात उतरतो आणि थर जांभळा होतो. हळदीच्या डागावर साबण लागला की डाग लाल होतो, तिथेही असंच प्रोटॉन जाण्याचं रसायन घडतं.

युरोपीय संघाने 2002 पासून सगळीकडे जी खूण आणली, ती याहून चतुर आहे. सॉल्व्हंट यलो 124, लिटरला किमान 6 मिलिग्रॅम. तिचा रेणू दोन भागांचा. पुढचा भाग थेट शाळेच्या प्रयोगशाळेतला, म्हणजे मिथिल ऑरेंजचा सांगाडा. मिथिल ऑरेंज आम्लात पिवळ्याचं लाल होतं ते का? आम्लातला प्रोटॉन ॲझो बंधाच्या नायट्रोजनवर बसतो, इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि शोषण निळ्याकडून हिरव्याकडे सरकतं. यलो 124 मध्ये अगदी हेच होतं. पण नुसता रंग बदलून भागत नाही, रंग तेलातून पाण्यात यायला हवा. एरवी रेणू तेलातच राहावा म्हणून त्याला तेलप्रेमी शेपूट जोडलेली आहे, आणि आम्लात ती सुटावी म्हणून ॲसिटल बंधाने जोडली आहे.

ॲसिटल म्हणजे एकाच कार्बनला दोन ऑक्सिजन चिकटलेले. अल्कलीत, पाण्यात, डिझेलात हा बंध टिकतो. आम्ल लागलं की यातल्या एका ऑक्सिजनवर प्रोटॉन बसतो, बंध तुटतो, कार्बनवर आलेला धन प्रभार दुसरा ऑक्सिजन सावरून धरतो आणि पाण्याचा रेणू येऊन काम पुरं करतो. शेपटीचे तुकडे होतात आयसोब्युटेनॉल आणि ॲसिटाल्डिहाइड, रेणूच्या टोकाला उरतो हायड्रॉक्सिल गट. प्रभार आणि हायड्रॉक्सिल असे दोन्ही असलेल्या रेणूला आता तेलात जागा नाही. निरीक्षक डिझेलच्या नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल टाकतो, बाटली हलवतो, थर वेगळे व्हायला थांबतो. खालचा आम्लाचा थर लाल झाला, तर टाकीत करसवलतीचं डिझेल आलेलं आहे.

पण जे आम्ल खूण दाखवतं, तेच खूण बाहेरही ओढून काढतं. उत्तर आयर्लंडच्या सीमेवरच्या टोळ्यांनी नेमकं हेच हेरलं. शेडमध्ये आम्लाने किंवा शोषक मातीने डिझेल ‘धुवायचं’ आणि पूर्ण दराने विकायचं. उरलेला विषारी गाळ पिंपांत भरून साउथ आर्माघ आणि लाउथ परगण्यांतल्या रस्त्यांकडेला, ओढ्यांपाशी फेकून द्यायचा. तो उचलायचा खर्च स्थानिक करदात्यांच्या माथी. असं धुतलेलं डिझेल मात्र इंजिनाला खरोखर मारतं. कॉमन रेल (आजच्या डिझेल इंजिनांतली उच्च दाबाने इंधन पुरवणारी यंत्रणा) पंपातले दट्टे काही मायक्रॉनच्या फटीत आणि 1600 बारहून अधिक दाबाखाली चालतात. उरलेलं आम्ल तिथलं पोलाद खातं, मातीचे सूक्ष्म कण इंजेक्टरच्या सुईवर चरे पाडतात, आणि शोषक मातीबरोबर डिझेलचा वंगणपणा टिकवणारे ध्रुवीय रेणूही निघून जातात. लाल रंगाने न होणारं नुकसान रंग काढल्याने होतं. ब्रेडमधून किंवा कोळशातून गाळून ‘डिझेल पांढरं करा’ म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओंना म्हणूनच भुलू नये. रंग फिका झालेला दिसतो, खूण गेली की नाही ते दिसतच नाही.

1 एप्रिल 2015 पासून ब्रिटन आणि आयर्लंडने मिळून जी नवी खूण टाकली, तिचं रसायन आहे ब्यूटॉक्सिबेंझिन: एक बेंझिन वलय, एक ऑक्सिजन, चार कार्बनची साखळी. रंग नाही. आम्ल-अल्कली नेहमीच्या स्थितीत तिला हात लावू शकत नाहीत. मातीला धरायला ठळक ध्रुवीय गट नाही. उकळणबिंदू सुमारे 210 अंश सेल्सिअस, म्हणजे डिझेलच्याच पट्ट्यात, त्यामुळे ऊर्ध्वपातनानेही ती सुटी करता येत नाही. किंमत एवढीच की बाटली हलवून ती दिसत नाही, मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारा गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. 2024 पासून युरोपीय संघानेही यलो 124 सोडून हीच खूण स्वीकारली आहे.

भारतात शेतीला वेगळं रंगीत डिझेल नाही, ट्रॅक्टरही पंपावरचंच पितो. आपल्याकडे रंग होता रेशनच्या निळ्या रॉकेलला, आणि ते डिझेलमध्ये मिसळलं जायचं. ऑक्टोबर 2006 मध्ये रॉकेलात खुणेचं रसायन घालायला सुरुवात झाली. तेही धुऊन काढता येतं असं निघाल्यावर जानेवारी 2009 पासून बंद झालं. दोनच वर्षांनी, 25 जानेवारी 2011 रोजी, मनमाडजवळ इंधनभेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. रसायनाने करायचं काम एकट्या अधिकाऱ्यावर सोडलं, तर काय होऊ शकतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. मच्छीमारांच्या डिझेलसाठी आपण दुसरी वाट धरली: आधी कर भरा, मग सहकारी संस्थेमार्फत परतावा घ्या. त्यात रंगाची गरज नाही, मात्र परतावा रखडला की होडी किनाऱ्यावरच राहते.

शेवटी परदेशात शेती करणाऱ्यांसाठी. चुकून पिकअपमध्ये लाल डिझेल गेलं, तर वरून साधं डिझेल ओतून पातळ करत बसू नका. 100 लिटरच्या टाकीत तळाला 2 लिटर लाल राहिलं, तरी भरल्यावर लिटरला 0.2 मिलिग्रॅम रंग उरतो, आणि अमेरिकेत किती रंग चालेल अशी सूट नाही. टाकी पूर्ण रिकामी करा, इंधन फिल्टर बदला, फिल्टरच्या कपातलं आणि परतीच्या नळीतलं डिझेल काढा, थोडं साधं डिझेल घालून तेही काढून टाका, मगच टाकी भरा. डिझेल भरल्याची आणि फिल्टरची पावती गाडीत ठेवा. काढलेलं लाल डिझेल स्वच्छ डब्यात घेतलं असेल, तर गाळून ट्रॅक्टरमध्ये वापरता येतं.