पद्मिनी, रावळगावची गोळी आणि पन्नास वर्षांची अट

खानदेशात जुन्या मोटारींचा विषय निघाला की लहानपणच्या गोळ्या-चॉकलेटांचा विषय हमखास मागोमाग येतो. सुटीत मामाच्या गावी जाताना फियाटमध्ये बसलो आणि हातात रावळगावची गोळी होती, अशा स्वरूपाची ही आठवण असते. तिच्या मुळाशी एक औद्योगिक योगायोग आहे आणि त्याची फारशी चर्चा होत नाही. सोलापुरात जन्मलेल्या आणि जहाज, विमान, मोटार अशा तिन्ही क्षेत्रांत हात घातलेल्या ज्या उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये मालेगाव तालुक्यातील रावळगावच्या माळरानावर साखर कारखाना उभा केला, त्यांनीच १९४४ मध्ये पुढे कुर्ल्यात फियाट बनवणाऱ्या मोटार कंपनीची स्थापना केली. रावळगावात १९४२ पासून गोळ्या तयार होऊ लागल्या होत्या. म्हणजे गाडी आणि तिच्या मागच्या सीटवरची गोळी, दोन्ही एकाच घराण्यातून बाहेर पडल्या होत्या.

स्वातंत्र्यापूर्वीच्या काळाबद्दल येथे फार सांगण्यासारखे नाही. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्या सुमारास मोटार ही साहेबाची किंवा संस्थानिकाची चीज होती. कापूस आणि माणसे दोन्ही बैलगाडीने किंवा रेल्वेने जात. खरा इतिहास सुरू होतो तो १९५३ नंतर.

त्या वर्षी टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून, देशात क्रमाक्रमाने सुटे भाग तयार करण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच मोटार व्यवसायात राहू देण्याचे धोरण केंद्राने स्वीकारले. नुसती जुळणी करणाऱ्या बड्या अमेरिकी कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि पुढची तीस वर्षे सामान्य ग्राहकासमोर प्रामुख्याने तीनच नावे उरली: बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबेसेडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. जीप होती, पण ती सरकारी खात्यांची आणि मोठ्या बागायतदारांची. १९६४ मध्ये आलेल्या फियाट ११०० डिलाइटला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात मात्र तिला अखेरपर्यंत फियाटच म्हटले गेले. पैसे भरूनही गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि वापरलेली गाडी कधीकधी नव्या गाडीच्या किमतीपेक्षा महाग जाई. आजच्या हळव्या आठवणींत ही रांग सहसा येत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण रांगेत वडील उभे होते, मुले नव्हती.

या गाड्या चांगल्या होत्या असे म्हणणे धाडसाचे ठरेल. एप्रिल-मेमध्ये, भुसावळ-जळगावचा पारा ४४ अंशांच्या पुढे गेला की पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ अडकायची आणि गाडी रस्त्यातच बंद पडायची. त्यावरचा उपाय प्रत्येक चालकाला ठाऊक होता: बॉनेट उघडायचे, पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर (त्याला एसी पंप म्हणत) ओला फडका टाकायचा आणि निंबाखाली पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना रेडिएटरसाठी पाण्याचा डबा डिकीत असेच. मात्र स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर आणि पुढे सलग बाक असल्यामुळे पुढेच तिघे बसत, मागे दाटीवाटीने पाच मुले, आणि लग्नसराईत तर मोजदादच नसे. बंद पडलेल्या गाडीजवळ काढलेला हा रिकामा वेळच बहुतेकांच्या आठवणीत राहिला आहे, आणि गोळ्यांच्या पुड्या सुटत त्या याच वेळात.

खाऊच्या बाबतीत खानदेशाची स्वतःची परंपरा कारखान्याच्या गोळीपेक्षा जुनी आहे. आठवडे बाजारात आणि सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत, अमळनेरच्या वैशाखातल्या यात्रेत किंवा धुळ्याच्या एकवीरा देवीच्या चैत्रातल्या यात्रेत गोडीशेव घेतल्याशिवाय कोणी घरी परतत नसे. बेसनाची जाड शेव तळून गुळाच्या पाकात घोळायची, पाक असा घट्ट की सुकल्यावर शेवेवर पांढुरका थर दिसावा, आणि ती वर्तमानपत्राच्या कागदात बांधून द्यायची. घरी पोचेपर्यंत कागदावर गुळाचे डाग उमटत आणि बातमीची शाई थोडी शेवेला लागे. ती कोणी मनावर घेत नसे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मुलांना साखरेचे हार-कडे मिळत. लाकडी साच्यात दोरा ठेवून त्यावर उकळता पाक ओततात आणि निवल्यावर साचा उघडतात, ही पद्धत आजही फारशी बदललेली नाही. कारखान्याच्या गोळीने या खाऊला हटवले नाही. ती शाळेच्या दारातल्या टपरीवर आली, कारण यात्रा वर्षभर नसते.

रावळगाव धुळ्यापासून दूर नाही आणि मालेगाव मुंबई-आग्रा रस्त्यावरच आहे, त्यामुळे ही गोळी इकडे परकी वाटली नाही. पानाच्या चवीची पान पसंद आणि आंब्याच्या चवीची मँगो मूड या किराणा दुकानातल्या काचेच्या बरणीत दिसत. मुंबईच्या पार्ल्यातील कंपनीची किसमी आणि पॉपिन्स त्यांच्या शेजारी असे. सुटे पैसे नसले की दुकानदार गोळी हातावर ठेवी, त्यामुळे ती खाऊ होती तशीच चिल्लरही होती. ३० जून २०११ रोजी चार आण्याचे नाणे व्यवहारातून गेले आणि त्याच्या भावात बसणारी गोळी आपोआपच अडचणीत आली.

गाड्यांच्या बाजूने उतरण त्याआधीच सुरू झाली होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९१ नंतर परवान्यांचे बंधन सुटले, पद्मिनीचे उत्पादन शतक संपता संपता थांबले आणि मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना बंद झाला. खानदेशात पेट्रोलच्या जीपला डिझेल इंजिन बसवून ती काळी-पिवळी म्हणून चालवण्याचा, अँबेसेडरला दुसऱ्या गाडीचे इंजिन लावण्याचा धंदा बरीच वर्षे तेजीत होता. हा तपशील पुढच्या वादात महत्त्वाचा ठरतो.

वाद आहे तो २०२१ ते २०२३ या काळातल्या नियमांचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण, ही रचना जुनीच आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. दिल्ली आणि लगतच्या पट्ट्यात न्यायालयीन आदेशांनी डिझेल गाडीला १० आणि पेट्रोल गाडीला १५ वर्षांची मर्यादा घातली होती. ती आपल्याकडेही आहे असा समज गावोगाव पसरला आणि धडधाकट गाड्या भंगारवाल्याच्या दारात गेल्या. महाराष्ट्रात तशी सरसकट बंदी नव्हती. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी मात्र खरोखरच थांबली, आणि तहसील व पंचायत समित्यांच्या आवारात धूळ खात पडलेल्या उरल्यासुरल्या अँबेसेडर आणि जीपगाड्यांचा मार्ग त्यामुळे ठरून गेला.

याच्या दुसऱ्या टोकाला जुलै २०२१ चा विंटेज गाड्यांचा नियम आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली दुचाकी किंवा चारचाकी या वर्गात नोंदवता येते. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, नंतरचे नूतनीकरण ५,००० रुपयांचे, आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, इंधन भरण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला आणि व्यवसायाला मनाई आहे.

नियमाचे समर्थक म्हणतात की जुन्या गाड्यांना प्रथमच स्वतंत्र कायदेशीर स्थान मिळाले, आणि ते खरे आहे. अडचण १५ आणि ५० यांच्या मधल्या ३५ वर्षांची आहे. या काळात मालकाने दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यायची, वाढीव शुल्क भरायचे, सुटे भाग मिळत नसताना गाडी मूळ स्वरूपात ठेवायची, आणि एवढे करून ती पन्नाशीला पोचून विंटेज म्हणून नोंदवली की तिने लग्नाला जायचे नाही. ज्याच्याकडे गॅरेज, वेळ आणि पैसा आहे, अशा संग्राहकाला हे परवडते. धुळ्याच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाची, दर रविवारी बाजारात जाणारी फियाट या चौकटीत कुठेच बसत नाही. शिवाय मूळ इंजिनाची अट इथल्या बहुसंख्य जुन्या गाड्यांना आधीच बाद करते, कारण इंजिन बदलले म्हणूनच त्या इतकी वर्षे चालल्या. प्रदूषणाचा मुद्दा खोटा नाही. पण महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीला आणि रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीला वयाच्या एकाच फूटपट्टीने मोजण्यात धोरणकर्त्यांची सोय अधिक दिसते.

खाऊच्या वाट्याला असे वर्गीकरण आले नाही. २०११ पासून लागू झालेल्या अन्नसुरक्षा कायद्याने यात्रेतल्या गोडीशेववाल्यालाही नोंदणीच्या कक्षेत आणले, परंतु पदार्थाच्या वयाशी त्याचा संबंध नाही. कारखान्याच्या गोळीची कथा वेगळ्या वाटेने गेली: फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावची व्यापारचिन्हे आणि पाककृती एका मोठ्या उद्योगसमूहाच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतल्या, जमीन आणि यंत्रसामग्री मूळ कंपनीकडे राहिली. गोडीशेवेचे आणि हार-कड्यांचे व्यापारचिन्हच नसल्यामुळे तिथे विकण्यासारखे काही नव्हते.

पद्मिनी नावाने नोंदलेल्या पहिल्या गाड्यांनी त्याच २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. त्या नावाच्या अखेरच्या गाड्यांना तिथवर पोचायला २०५० उजाडेल, शेवटच्या अँबेसेडरला २०६४, आणि खानदेशात आजही गल्लोगल्ली उभ्या दिसणाऱ्या मारुती ८०० पैकी पहिल्या गाड्यांची वेळ डिसेंबर २०३३ मध्ये येईल.