कूप-आखणी : बेळगाव सीमाभागातील सरकारी जंगलांत लाकूडतोड आणि वन्यजीवांचा निवारा

कूप म्हणजे एका हंगामात तोडीसाठी नेमून दिलेला जंगलाचा तुकडा. त्याची हद्द, त्यातली तोडायची झाडे आणि राखायची झाडे आधी ठरवून, कागदावर आणि जमिनीवर खुणा करून, मगच करवत लावायची, या सगळ्या कामाला कूप-आखणी म्हणतात. बेळगाव जिल्ह्याचा खानापूर तालुका आणि त्याला दक्षिणेकडून भिडणारे कारवार (उत्तर कन्नड) जिल्ह्यातले जोयडा व हल्याळ हे तालुके मिळून या भागातला सलग जंगलपट्टा होतो. पश्चिमेला हेच जंगल गोव्याच्या म्हादई अभयारण्यात आणि वायव्येला चंदगड-तिलारीच्या रानात उतरते. वाघ, गवा, रानकुत्रा आणि दांडेलीकडून येणारे हत्ती या पट्ट्यातून तीन राज्यांत ये-जा करतात. त्यामुळे खानापूर तालुक्यातल्या लोंढा गावाजवळच्या एका कूपात काय राहिले आणि काय गेले, याचा परिणाम त्या कूपापुरता उरत नाही.

जंगलाची जात

कणकुंबी-जांबोटीच्या माथ्यावर बेळगाव शहराच्या कित्येक पट पाऊस पडतो. तिथले जंगल सदाहरित किंवा निमसदाहरित आहे. मलप्रभेचा उगम कणकुंबीचा, म्हादईचा देगावच्या बाजूचा. पूर्वेला नागरगाळी-हल्याळकडे सरकावे तसा पाऊस उतरतो आणि साग, ऐन, किंजळ, नाना, जांभा, बिबला, धावडा असे पानझडीचे रान लागते. लाकडासाठी नाव याच पानझडी पट्ट्याचे. रानाची जात अशी पंचवीस-तीस किलोमीटरांत बदलते, म्हणून एका परिक्षेत्राची (वनखात्याच्या रेंजची) आखणी उचलून दुसऱ्याला लावता येत नाही.

कायद्याची चौकट

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. इथल्या जंगलांच्या जुन्या योजना त्याच वनखात्याच्या आहेत. आज कर्नाटक वन अधिनियम, १९६३ लागू आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने पर्यावरणाचा समतोल हे जंगलाचे पहिले काम ठरवले आणि महसूल त्याच्या मागे ठेवला. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर केंद्राने मंजूर केलेल्या कार्यआयोजनेशिवाय (जंगलातल्या कामांच्या काही वर्षांच्या आराखड्याशिवाय) जंगलात झाड तोडता येत नाही. अभयारण्यात तर १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशाने वाळलेले, पडलेले झाडही उचलायला बंदी आहे. खानापूर तालुक्यातले भीमगड अभयारण्य (२०११, सुमारे १९० चौ. किमी) त्यामुळे तोडीच्या हिशेबाबाहेर आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहा याच अभयारण्यात येतात. १९१३ मध्ये शास्त्राला माहीत झालेले रॉटनचे वटवाघूळ पहिल्यांदा मिळाले ते इथेच.

अभयारण्याबाहेरच्या जंगलात आज निघते ते मुख्यतः रोपवनांच्या विरळणीतले (दाटीतली काही झाडे काढून उरलेल्यांना जागा करून देतात त्यातले) लाकूड, वाळलेली व वाऱ्याने पडलेली झाडे आणि बांबू. हे ऐकायला निरुपद्रवी वाटते. पण वन्यजीवांच्या दृष्टीने सर्वात मोलाची झाडे नेमकी याच ‘वाळलेली’ आणि ‘वाकडी’ या सदरांत बसतात. आखणीची खरी परीक्षा तिथेच होते.

कार्यआयोजनेपासून कूपापर्यंत

कार्यआयोजना साधारण १० वर्षांची असते. जंगलाचे गट पाडून त्यांचे क्रमांकित कक्ष करतात आणि कक्षांत नमुना-भूखंड टाकून झाडे मोजतात. ०.१ हेक्टरचा चौरस भूखंड घेतला तर त्याची बाजू ३१.६२ मीटर येते. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात. उतारावर टेप नेहमी वरच्या अंगाने उभे राहून धरायचा, नाहीतर त्याच झाडाचा घेर प्रत्येक मोजणीत वेगळा भरतो.

वर्षाचे क्षेत्र काढायला सोपा भागाकार पुरतो. १,२०० हेक्टर सागाचे रोपवन ६० वर्षांच्या आवर्तनावर (लागवडीपासून अखेरच्या तोडीपर्यंतचा काळ) असेल, तर अखेरच्या तोडीला वर्षाला २० हेक्टर. विरळणी दर १० वर्षांनी असेल तर त्याच रोपवनात वर्षाला १२० हेक्टर. हे २० हेक्टर कुठे घ्यायचे, हा मात्र भागाकाराचा प्रश्न नाही. सोयीसाठी लागोपाठची कूपे शेजारी-शेजारी घेतली, की पाच वर्षांत १०० हेक्टरांचे एकच उघडे मैदान तयार होते. शेकरू जमिनीवर उतरायला नाखूश असते. फांदीला फांदी लागलेली नसेल तर तिच्यासाठी ते मैदान नदीसारखे आडवे येते. म्हणून कूपे विखरून टाकावीत आणि मधले रान सावरेपर्यंत शेजारचा तुकडा उघडू नये.

आधी राखायचे, मग तोडायचे

जुन्या पद्धतीत मार्किंगची, म्हणजे झाडांवर खुणा करणारी, टोळी कूपात शिरायची ती तोडायची झाडे शोधत. राखायची म्हणजे शेवटी उरलेली. हा क्रम उलटा करणे हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. पहिली फेरी फक्त राखायच्या झाडांसाठी, आणि तीही तोडीच्या आदल्या फेब्रुवारी ते मे महिन्यांत व्हावी.

याचे कारण धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. जुन्या, जाड झाडात आपोआप झालेली पोकळीच त्याला लागते. मादी आत बसून विष्ठा आणि फळांच्या गराने तोंड लिंपून घेते, एक उभी फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला फळे भरवतो. जमिनीवरून ती फट दिसतेच असे नाही. बुंध्याशी पाहावे. ढोलीच्या बरोबर खाली बियांचा आणि विष्ठेचा थर असतो, त्यात जांभळाच्या, रानजायफळाच्या बिया ओळखू येतात, आणि मागच्या वर्षीच्या थरातून बोटभर उंचीची रोपे उगवलेली दिसतात. असा थर दिसला की झाडावर राखीव खूण करायची, मग ते कितीही पोकळ असो. जोडी वर्षानुवर्षे तीच ढोली वापरते. नोव्हेंबरात तेच झाड पाहिले तर थर पावसाने धुऊन गेलेला असतो आणि टोळीला दिसतो तो फक्त एक ‘डिफेक्टिव्ह’ बेहडा.

याच फेरीत आणखी नोंदी घ्याव्यात: वड, उंबर, पिंपळ, नांदरूक ही सगळी उंबरवर्गीय झाडे, कारण उन्हाळ्यात इतर फळे संपतात तेव्हा यांतले एखादे तरी पिकलेले असते, आग्या मोहोळे बसणारी उंच झाडे, उभी वाळलेली जाड खोडे, ज्यांत सुतार पक्षी भोक पाडतो आणि पुढे घुबड, पोपट, उडती खार राहते, शेकरूची घरटी आणि त्यांच्या आजूबाजूचे जुळलेले शेंडे, अस्वलाने उकरलेली वारुळे आणि कुजते पडके ओंडके. देवराई असेल तर ती कूपाच्या हद्दीबाहेरच काढावी. ओढ्याच्या दोन्ही काठांना २० ते ३० मीटर पट्टा आणि तीव्र उताराचे तुकडेही नकाशावर आधीच वजा करावेत.

राखीव झाड एकटे सोडू नये. चारी बाजूंनी उघडे पडलेले उंच झाड पहिल्याच जूनच्या वादळात आडवे होते आणि मग ‘राखून काय उपयोग’ असे म्हणायला कारण मिळते. झाडाच्या उंचीच्या निम्म्या अंतरातली शेजारची झाडे ठेवून त्याचा झुपका करावा. हेक्टरी सहा राखीव झाडे धरली तर २५ हेक्टरच्या कूपात १५० होतात. ती सहा-सातच्या झुपक्यांत ठेवली तर मोजायलाही सोपी जातात.

सागाच्या रोपवनात हे जास्त काटेकोरपणे करावे लागते. २ × २ मीटरवर लावलेल्या हेक्टरी २,५०० रोपांतून पहिल्या विरळणीत एकाआड एक तिरक्या ओळी काढल्या की १,२५० उरतात. पुढच्या विरळण्यांत दबलेली, वाकडी, रोगट झाडे काढतात. सागाच्या ओळींत आपोआप उगवलेले जांभूळ, उंबर, किंजळ मात्र ‘इतर’ म्हणून सरसकट जाते. एकसुरी सागवनात प्राण्यांना खायला मिळते ते या ‘इतरां’वरच. तीच गोष्ट वेलींची. सागाच्या शेंड्याला गळफास देणारा वेल तोडावा, पण कूपातल्या सगळ्या वेली कापण्याचा जुना शिरस्ता सोडून द्यायला हवा.

नावांचा घोळ

गावचा वाटाड्या झाड मराठीत ओळखतो, खात्याची यादी कन्नडमध्ये असते. ऐन म्हणजे मत्ती, नाना म्हणजे नंदी, बिबला म्हणजे होन्ने, शिसवी म्हणजे बीटे, जांभा म्हणजे जंबे. अर्जुनाला कन्नडमध्ये होळेमत्ती म्हणतात; होळे म्हणजे नदी. यादीत घाईने नुसते ‘मत्ती’ लिहिले गेले, की ओढ्याकाठचा अर्जुन आणि माळावरचा ऐन एकाच रकान्यात येतात आणि काठ धरून ठेवणारे झाड तोडीच्या आकड्यात मोजले जाते. प्रत्येक मार्किंग-वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही भाषांतली नावे समोरासमोर लिहून ठेवावीत. एका पानाच्या कामाने पुढचे कितीतरी वाद टळतात.

हातोडा आणि हिशेब

तोडायच्या झाडावर दोन ठिकाणी साल तासतात, एक छातीच्या उंचीवर आणि दुसरी अगदी बुंध्याशी. दोन्हीकडे क्रमांक घालून खात्याच्या हातोड्याचा शिक्का मारतात. खालचा शिक्का करवतीच्या खाली राहील असाच हवा, कारण झाड गेल्यावर बोलतो तो खुंटच. तोडीनंतर खुंट मोजायचे. शिक्का नसलेला प्रत्येक खुंट म्हणजे एक बेकायदा झाड. राखीव झाडाला तासणी नको, रंगाचा पट्टा पुरतो. तासलेल्या जागेतून बुरशी शिरते.

ओंडक्याचे माप चौथाई घेराच्या रीतीने होते. मध्यावरचा घेर १.२० मीटर, लांबी ३ मीटर असेल तर घेराचा चौथा भाग ०.३०, त्याचा वर्ग ०.०९, गुणिले ३ म्हणजे ०.२७ घनमीटर. त्याच ओंडक्याचे खरे घनफळ सुमारे ०.३४ भरते. म्हणजे चौथाई माप खऱ्यापेक्षा २१ टक्क्यांहून थोडे अधिक कमी दाखवते. अंदाज खऱ्या घनफळाने काढला आणि डेपोत माप चौथाईने झाले, तर कूपाने ‘उद्दिष्ट गाठले नाही’ असे दिसते. मग तूट भरायला राखीव झाडांकडे डोळे वळतात. दोन्हीकडे एकच माप धरले की हा दबाव उरत नाही.

तोड, ओढाई आणि ऋतू

पावसाळ्यात काम बंद असते. ढोल्या असलेल्या कक्षात तोड नोव्हेंबरात सुरू करून जानेवारीच्या मध्यापर्यंत संपवावी, म्हणजे धनेश घरट्यावर बसण्याआधी माणसे बाहेर पडतात. मंजुरीचे कागद उशिरा आले की काम फेब्रुवारी-मार्चात ढकलले जाते, आणि तेच दिवस घरट्यांचे, वणव्याचे आणि पाणवठ्यांवर गर्दीचे असतात. अशा वेळी ढोलीचे कक्ष त्या वर्षी सोडून देणे हाच बरोबर निर्णय.

झाड ज्या बाजूला पाडायचे तिकडे व्यासाच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याइतकी खाच घेतात. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा थोडा वर देतात आणि मध्ये थोडे लाकूड बिजागरीसारखे ठेवतात. ही बिजागरी पूर्ण कापली की झाड मनाला येईल तिकडे जाते, बहुधा राखलेल्या झुपक्यावर. मजूर उभे वाळलेले खोड पाडतात ते बऱ्याचदा डोक्यावर फांदी पडण्याच्या भीतीने, आणि ती भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे ओढाईची, म्हणजे ओंडके ओढून नेण्याची, वाट अशा खोडापासून दूर आखणे. वाट उताराला सरळ धरून काढली तर पहिल्या पावसात तिचाच ओहोळ होतो आणि गाळ मलप्रभेला जाऊन मिळतो. काम संपल्यावर वाटेवर तिरके चर काढावेत. उतार जितका जास्त, तितके चर जवळजवळ हवेत.

बांबू

बांबूच्या बेटातून चालू वर्षाच्या काठ्या कधीच घेत नाहीत. त्या कोवळ्या असतातच, शिवाय पुढचे कोंब त्यांच्याच आधाराने उभे राहतात. जुन्यांपैकी निदान आठ-दहा राखून उरलेल्या, जमिनीपासून १५ ते ४५ सेंटीमीटरवर, पेराच्या लगेच वर छाटतात. कडेकडेने सोप्या काठ्या कापत गेले की मध्यभाग वाळून गुंता होतो. म्हणून एका बाजूने घोड्याच्या नालासारखी वाट काढून आत शिरतात. पावसाळ्यात बेटे बंद ठेवतात, कारण तेव्हा गवा आणि हत्ती कोंबांवर येतात. बेट फुलोऱ्यावर आले तर बी गळून जमिनीत रुजेपर्यंत त्याला हात लावत नाहीत.

तोडीनंतर

विरळणी जास्त झाली की उन्हाबरोबर रानमोडी आणि घाणेरी ही तणे शिरतात. त्यांच्याखाली गवत उगवत नाही, म्हणजे ज्या गव्यासाठी रान मोकळे केले म्हणायचे त्यालाच काही मिळत नाही. वर वाळलेली रानमोडी मार्चात भडकते. म्हणून तोडीनंतरची निदान तीन वर्षे पावसाळ्याच्या अखेरीला, बी धरण्याआधी, ती उपटण्याचे काम अंदाजपत्रकातच धरावे. फांद्यांचा कचरा राखीव झाडांच्या बुंध्यापासून ओढून लांब न्यावा. पोकळ खोड आतून चिमणीसारखे पेटते, आणि एका वणव्यात कूपातल्या सगळ्या ढोल्या जाऊ शकतात. ग्राम अरण्य समिती असेल तर हा कचरा सरपण म्हणून गावाला उचलू देणे दोघांच्याही सोयीचे.

पुढच्या फेब्रुवारीत राखीव झाडांची तीच यादी घेऊन पुन्हा फिरतात. झाड उभे आहे का, झुपका टिकला का, बुंध्याशी ताजा बियांचा थर पडला आहे का, हे क्रमांकापुढे लिहितात. हे पान कक्षाच्या इतिहास-नोंदवहीत लावतात. दहा वर्षांनी त्याच कक्षात विरळणीला येणारी टोळी पहिले तेच पान उघडते.