आप्पा रात्रभर दारं धरतात, मग दिवसा झोप का लागंना?

आमच्याकडं तासगाव भागात शेतीची थ्री फेज लाईट कधी आठवडाभर दिवसाची असते तर कधी रात्रीची. रात्रीची असली की आप्पा, म्हणजे माझे चुलते, बॅटरी आणि खोरं घेऊन उसाला दारं धरायला जातात ते उजाडल्यावर चिखलाच्या पायानं घरी येतात, चहा पिऊन आडवे होतात आणि साडेदहाला बघावं तर परत सोप्यात बसलेले. काकू म्हणते, "एवढं जागून बी झोप कशी लागंना वो तुमास्नी?"

काकूचा प्रश्न एकदम बरोबर आहे. झोप एकट्या थकव्यावर चालत नाही, दोन हिशोब असतात, हे १९८२ साली झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी मांडलं. एक म्हणजे उधारी: जेवढं जागाल तेवढी ती चढत जाते, मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठतं (चहातलं कॅफिन त्याचीच जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी). दुसरं म्हणजे शरीरातलं घड्याळ, आणि सकाळी उधारी डोक्यावरनं गेलेली असली तरी हे घड्याळ उठ उठ करत असतं.

हे घड्याळ दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर आहे, जेमतेम २०,००० पेशींचं, आणि गंमत म्हणजे त्यातली एकेक पेशी स्वतः घड्याळ आहे. टाकीतला फ्लोट आठवा, टाकी भरली की मोटर बंद, पाणी उतरलं की चालू, तसंच. क्लॉक आणि बीमॅल-१ ही प्रथिनांची जोडी पिरियड आणि क्राय हे जीन्स (जनुकं) चालू करते, त्यांची प्रथिनं साठत जातात, मग पेशीच्या केंद्रकात शिरून त्याच जोडीला गप्प बसवतात, पुढं ती स्वतःच मोडून संपतात की जोडी परत मोकळी, आणि या सगळ्या फेरीला लागतात साधारण २४ तास.

मला यातला सगळ्यात भारी वाटतो तो हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा एक छोटा प्राणी. १९८८ मध्ये मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर या संशोधकांना असा एक हॅमस्टर सापडला की त्याच्या वंशातल्या ज्या पिल्लांत एका जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असायच्या त्यांचा दिवस अंधारात २० तासांचाच व्हायचा. पुढं १९९० ला दुसऱ्या एका हॅमस्टरचं हे घड्याळ काढून त्या जागी अशा २० तासवाल्याच्या पेशी बसवल्या, तर तोही २० तासांच्या चालीवर पळायला लागला! म्हणजे वेळ त्या चिमूटभर पेशींबरोबर आली. दोष कुठं होता तर पिरियड प्रथिनाच्या मोडण्यावर लक्ष ठेवणाऱ्या एका एन्झाइमच्या जीनमध्ये.

माणसातही आहे हे. अमेरिकेतल्या युटामधल्या एका घराण्यात लोक संध्याकाळी साडेसातलाच पेंगायचे आणि पहाटे साडेचारला टक्क जागे, २००१ मध्ये त्यांच्या पिरियड-२ जीनमध्ये एका अक्षराचा बदल सापडला. आमची आजीपण दिवेलागण झाली की झोपते, पण वयानंही घड्याळ अलीकडं सरकतं त्यामुळं तिच्या जीन्सवर मी बिल फाडणार नाही.

बरं, हे जीन्स फक्त वेळच ठरवतात असंही नाही. क्लॉक जीन बिघडलेले उंदीर दिवसाला जवळपास दोन तास कमी झोपतात. आणि बीमॅल-१ काढून टाकलेल्या उंदरांत तो परत मेंदूत घातला तर झोपेत फरक पडेना, अंगाच्या स्नायूंत घातल्यावर सुधारली, हे २०१७ ला छापून आलं तेव्हा भल्याभल्यांनी डोकं खाजवलं असणार.

आप्पांची खरी गोची सकाळच्या उन्हात आहे. डोळ्याच्या पडद्यात उजेड मोजणाऱ्या काही वेगळ्या पेशी असतात, त्यांचं काम बघणं नाही तर या घड्याळाला दिवस झाल्याची वर्दी देणं, आणि आप्पा नेमके उगवत्या सूर्याकडं तोंड करून बांधावरनं घरी येतात. घड्याळ सरकतं ते दिवसाला साधारण तासभर, ते पुरतं रात्रीच्या पाळीला लागायच्या आतच पाळी संपते.

काकूनं आता मधल्या खोलीच्या खिडकीला खताची रिकामी पोती ठोकलीत आणि आप्पा येताना टोपी डोळ्यावर ओढून येतात, कालच्याला बारापर्यंत झोपले होते. सोमवारपासनं लाईट परत दिवसाची.