पेंट प्रोटेक्शन स्प्रे घ्यायचाय? आधी हे सगळं आलं कुठून ते बघा

गाडीच्या पेंट प्रोटेक्शनचा स्प्रे शोधायला बसलं की वॅक्स, पॉलिमर सीलंट, सिरॅमिक, हायब्रिड, ग्राफीन असं काय काय समोर येतं आणि प्रत्येक बाटलीवर तेच चकाकणारं बॉनेट आणि त्यावर पाण्याचे टपोरे थेंब. मला विचाराल तर हा गोंधळ व्हायचं कारण साधं आहे, यातली बहुतेक औषधं कुठल्यातरी जुन्या दुखण्यावर निघाली, मधल्या काळात पेंट पार बदलला पण बाटलीवरचं आश्वासन काही बदललं नाही.

अगदी सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगवायचे, म्हणजे ब्रशने तेलाचं व्हार्निश लावायचं, वाळू द्यायचं, घासायचं, परत लावायचं, आणि यात एकेका गाडीचे आठवडेच्या आठवडे जायचे. फोर्डची मॉडेल टी 1914 पासून दहा-अकरा वर्षं फक्त काळ्या रंगात मिळायची हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मग 1923 च्या सुमारास अमेरिकन रसायन कंपनी ड्युपाँटचं ड्युको नावाचं नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं, जनरल मोटर्सने ते पहिल्यांदा ओकलंड गाड्यांवर निळ्या रंगात वापरलं आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं, कारण हे लॅकर पटकन वाळायचं आणि स्प्रेगनने मारता यायचं. म्हणजे स्प्रे हा प्रकार मुळात प्रोटेक्शनसाठी नाही, पेंटसाठीच आधी आला.

पण लॅकरची भानगड अशी की रंगद्रव्य थेट वरच्याच थरात, उन्हात ते हळूहळू मरायचं, पृष्ठभाग खडूसारखा पांढरट पडायचा, आणि कापडाने घासलं की कापडावर गाडीचा रंग यायचा. आजही एखादी जुनी सिंगल स्टेज पेंटची, म्हणजे वर वेगळा पारदर्शक थर नसलेली लाल गाडी पॉलिश करून बघा, पाच मिनिटांत फडकं लाल. अशा पेंटला वॅक्स खरोखर लागायचं, मेलेला थर घासून काढायचा आणि वरून तेल-मेणाचा हात फिरवायचा म्हणजे रंग परत खोल दिसायला लागायचा. आज आपण ज्यांना कार केअर ब्रँड म्हणतो त्यातले जुने तर लॅकरच्याही आधीचे, मेग्वायर्सची सुरुवात 1901 मध्ये फर्निचर पॉलिशपासून झाली, सिमोनिझ 1910 ची. मेण म्हणाल तर कारनौबा, ईशान्य ब्राझीलमधल्या एका पाम झाडाच्या पानांवरचं, वितळायला 80 अंशांच्या वर तापमान लागतं इतकं कडक, त्यामुळे नुसतं लावताच येत नाही, सॉल्व्हंट आणि मऊ मेणं मिसळून त्याची पेस्ट करावी लागते. आणि मग ती डब्यातली पेस्ट लावा, वाळू द्या, हात दुखेस्तोवर पुसा. इथून पुढचा जवळजवळ सगळा इतिहास म्हणजे ही मेहनत कशी टाळायची याचाच आहे.

1940 च्या दशकात शिकागोच्या बेन हर्श यांनी प्लास्टोन नावाचं पातळ पॉलिश आणलं, तेच पुढे टर्टल वॅक्स झालं. 1943 मध्ये सिलिकॉन बनवणारी डाऊ कॉर्निंग कंपनी निघाली आणि युद्धानंतर सिलिकॉन पॉलिशमध्ये घुसलं, त्याने कापड सहज सरकायला लागलं, चकाकी झटकन आली, पाणी पळायला लागलं. पेंटिंगवाले मात्र सिलिकॉनच्या नावाने आजही बोटं मोडतात, कारण त्याचा अंश पॅनलवर राहिला तर नवीन पेंट तिथून मागे सरकतो आणि बारीक खळगे पडतात, त्याला ते फिश आय म्हणतात.

आजच्या फवारा-आणि-पूस बाटलीचा खरा पूर्वज मात्र मला ऑटोमॅटिक कार वॉशमधला शेवटचा फवारा वाटतो. धुवून झालेल्या ओल्या गाडीवर तेल आणि धन विद्युतभाराच्या रसायनाचं पातळ मिश्रण मारायचे, पेंटचा ओला पृष्ठभाग ऋणभारित असतो त्यामुळे ते आपोआप चिकटायचं, पाणी फुटून ओघळायचं आणि गाडी लवकर वाळायची. टिकायचं फार तर काही दिवस. पण बघा, ना घासणं ना पुसणं, कल्पना तीच.

मधे टेफ्लॉनचंही एक पर्व होऊन गेलं. हे 1938 मध्ये रॉय प्लंकेट यांना ड्युपाँटमध्ये जवळजवळ अपघाताने सापडलं, आणि तव्याला काही चिकटत नाही तर गाडीलाही चिकटणार नाही असं म्हणून पुढे ते पेंट सीलंटमध्ये विकलं गेलं. आता हे वितळतं सुमारे 327 अंशांना, तव्यावर ते प्रचंड तापवून बसवतात, आणि गाडीचा पेंट एवढा तापवला तर पेंटच उरणार नाही. पण नाव खपलं.

1980 च्या दशकात क्लिअरकोट सर्रास झाला आणि खेळच बदलला. रंगाच्या वर पारदर्शक थर, साधारण 35 ते 50 मायक्रॉन म्हणजे केसापेक्षा पातळ, त्यातच अतिनील किरण शोषणारी द्रव्यं. आता रंग कापडावर येत नाही आणि चकाकी कारखान्यातूनच येते, म्हणजे वॅक्सचं मूळ काम निम्मं संपलं. दुखणीही नवीन झाली: पक्ष्यांची विष्ठा, आम्ल पावसाचे चट्टे (अमेरिकेत जॅक्सनव्हिल इथे कंपन्या मुद्दाम पॅनल ठेवून हे तपासायच्या), पाण्यातल्या क्षारांचे डाग, आणि धुताना पडणारे बारीक गोल ओरखडे.

सिरॅमिक या नव्या दुखण्यांच्या काळातलं. रसायन तसं जुनंच, पॉलिसिलाझेन पहिल्यांदा 1921 मध्ये प्रयोगशाळेत बनलं होतं, हवेतल्या ओलाव्याने ते सिलिकासारखं कडक होतं. बोटभर बाटलीतलं प्रोफेशनल कोटिंग या जातीचं किंवा सिलॉक्सेनचं (सिलिकॉनच्याच घराण्यातलं) असतं आणि वर्ष-दोन वर्षं टिकू शकतं. स्प्रेमध्ये त्याच कुळातलं द्रव्य थोडंसं, बाकी मुख्यतः पाणी, त्यामुळे काही महिने धरून चाला. स्प्रेच्या बाटलीवर पाच वर्षं लिहिलेलं दिसलं तर मी तरी ती खाली ठेवतो.

आणि बाटलीवर कडकपणा म्हणून लिहिलेलं ते 9एच. ही पेन्सिलची चाचणी आहे हो, वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने पृष्ठभागावर ढकलायच्या आणि कुठली चरा पाडते ते बघायचं, 9एच ही त्यातली सगळ्यात कडक. पण धुताना स्पंजमध्ये पेन्सिल नसते, वाळूचा कण असतो, क्वार्ट्झ, खनिजांचा कडकपणा सांगणाऱ्या मोह्स मापात 7, आणि त्याच्यापुढे एखाद-दोन मायक्रॉनचा थर काय टिकणार. स्प्रेचा थर तर त्याहून पातळ.

थेंबांचं वेड मात्र सगळ्या काळात सारखंच. 1997 मध्ये जर्मनीत विल्हेल्म बार्थलॉट यांनी कमळाच्या पानावरून पाणी घाण घेऊन कसं निसटतं ते मांडलं, आणि लवकरच प्रत्येक कोटिंगच्या जाहिरातीत कमळाचं पान आलं. पानावर थेंबाचा पृष्ठभागाशी होणारा कोन (जितका मोठा तितका थेंब गोल) 150 अंशांच्या वर असतो, गाडीवरच्या कोटिंगचा 100-110 च्या आसपास, कारण पानासारखा सूक्ष्म खडबडीतपणा पेंटवर नसतो. ग्राफीनचंही, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थराचंही, थोडं तसंच, 2004 चा शोध, 2010 चं नोबेल आणि मग बाटलीवर नाव, किती घातलंय ते मात्र कोणी लिहीत नाही.

मग निवडताना मी काय बघतो? पाणी जड म्हणजे क्षारांचं असेल आणि गाडी उन्हात उभी राहत असेल तर टपोरे थेंब हे सुख नाही, प्रत्येक थेंब वाळून पांढरा गोल सोडतो, तेव्हा पाणी चादरीसारखं ओघळून जाईल असं प्रॉडक्ट बरं. दर आठवड्याला स्वतः गाडी धुत असाल तर साधा स्प्रे वॅक्ससुद्धा पुरतो. दोन-तीन महिन्यांतून एकदाच हात लावणार असाल तर सिलिकावाला म्हणजे सिरॅमिक स्प्रे घ्या, पण तो सावलीत, गार पॅनलवर, एका वेळी एकच दार, आणि लगेच दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, नाहीतर गडद रंगावर धुरकट पट्टे राहतात आणि ते काढायला परत पॉलिश मारावं लागतं.

आणि एखादं पॅनल नुकतंच गॅरेजमध्ये रंगवून आणलं असेल तर त्याला महिना-दोन महिने काहीच लावू नका, कारखान्यातला पेंट भट्टीत पक्का झालेला असतो, गॅरेजमधल्या पेंटमधून सॉल्व्हंट अजून बाहेर पडत असतं. किती दिवस थांबायचं ते रंगवणाऱ्यालाच विचारा.