कम्युनिटी कॉलेजांतील विद्यार्थी साहाय्य सेवा

अमेरिकेतील दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांत, म्हणजे कम्युनिटी कॉलेजांत, दाखल झालेल्या विद्यार्थ्याची मध्येच गळती होऊ नये आणि तो पदवी किंवा प्रमाणपत्र हाती घेऊनच बाहेर पडावा, यासाठी वर्गाबाहेर आखलेली मदत म्हणजे विद्यार्थी साहाय्य सेवा. विषयनिवडीचा सल्ला, फी आणि आर्थिक मदतीची सोय, शिकवणी, समुपदेशन, अपंग विद्यार्थ्यांसाठीच्या सुविधा, पाळणाघर, प्रवासखर्च, अगदी घरी न्यायचा शिधासुद्धा तिच्यात येतो. यांतली एकेक सेवा बहुतेक कॉलेजांत कुठल्या ना कुठल्या खोलीत चालू असतेच. अवघड असते ते त्या सेवांची एकमेकींशी सांगड घालणे आणि गरज पडेल त्या दिवशी त्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवणे. या नोंदीचा भर त्या नियोजनावर आहे.

पार्श्वभूमी

इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली एका हायस्कूलला जोडून सुरू झाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांची ही कल्पना. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये अशा कॉलेजांचे जाळे देशभर पसरावे अशी शिफारस केली आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. आज अमेरिकेत अशी हजाराच्या आसपास कॉलेजे आहेत. घराजवळ, कमी फीमध्ये, संध्याकाळीही वर्ग आणि गुणांची चाळणी न लावता प्रवेश, अशी त्यांची रीत.

दार उघडे ठेवले म्हणजे आत आलेला पार पडतोच असे नाही. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच सॅन होजे येथील एका ज्युनिअर कॉलेजच्या अभ्यासातून एक बोचरी गोष्ट मांडली. मोठ्या विद्यापीठात जाण्याची आशा धरून आलेल्या विद्यार्थ्यांची उमेद हळूहळू, गोड बोलून निववायची आणि त्यांना छोट्या अपेक्षांवर समाधानी करायचे, हेच काम तिथले समुपदेशन करीत होते. मदत या नावाखाली नेमके उलटे घडू शकते, याची ती नोंद होती. पूर्णवेळ प्रवेश घेतलेल्या नव्या विद्यार्थ्यांपैकी त्याच कॉलेजात तीन वर्षांत अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचे देशभरचे प्रमाण त्यानंतरही बरीच वर्षे एकतृतीयांशाच्या खालीच राहिले.

१९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने संघराज्याच्या तिजोरीतून मदत सुरू झाली. गरीब घरांतील आणि घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्या मुलांसाठीचे तीन कार्यक्रम मिळून 'ट्रायो' हे नाव पडले. १९६८ मध्ये सुरू झालेला विद्यार्थी साहाय्य सेवा कार्यक्रम त्यांतला तिसरा. पुढे कार्यक्रमांची संख्या वाढली, नाव तेच राहिले. कॅलिफोर्नियाने १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करून आपल्या कम्युनिटी कॉलेजांना अशा सेवांसाठी निधी दिला. त्याच राज्यात हेवर्ड येथील शाबो कॉलेजात १९८१ मध्ये 'पुएन्ते' प्रकल्प उभा राहिला. स्पॅनिशमध्ये पुएन्ते म्हणजे पूल. लेखन शिकवणारा शिक्षक, समुपदेशक आणि समाजातला एखादा अनुभवी माणूस असे तिघे मिळून एका गटाला सांभाळतात. शिकवणे आणि सांभाळणे ही कामे दोन वेगळ्या खात्यांत वाटून टाकायची नसतात, हे त्या प्रकल्पाने लवकर ओळखले.

विद्यार्थी कोण, हे आधी

नियोजनाची सुरुवात सेवांच्या यादीपासून झाली की ते फसते. ती विद्यार्थ्याच्या दिवसापासून व्हावी लागते. टेक्सासच्या उत्तर टोकाला असलेल्या अमरिलो कॉलेजने हे मनावर घेतले. आपल्या आकडेवारीतून त्यांनी आपला नेहमीचा विद्यार्थी कसा आहे ते शोधले आणि त्याला 'मारिया' असे नाव दिले. ती सत्ताविशीतली, लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या घरातली, पदरी मूल, दोन अर्धवेळ नोकऱ्या करणारी आणि घराण्यात पहिल्यांदा कॉलेजात आलेली. अडचणी काय, असे विद्यार्थ्यांना विचारल्यावर गणित किंवा इंग्रजी यादीत वर आले नाही. वर आले ते मुलाला ठेवायचे कुठे, गाडी बंद पडली तर यायचे कसे, भाडे, जेवण, डॉक्टर आणि वकील. तेव्हाचे अध्यक्ष रसेल लोअरी-हार्ट यांच्या काळात कॉलेजने एक मदतकेंद्र उघडले. सामाजिक कार्यकर्ते तिथेच बसतात आणि शिध्याची खोलीही तिथेच आहे. केंद्र कुठल्या कोपऱ्यातल्या तळघरात नाही, आवाराच्या दर्शनी भागात आहे. मदत मागणे लाजिरवाणे वाटू नये, ही गोष्ट जागेच्या निवडीतूनही सांगता येते. २०२३ मध्ये उत्तम कम्युनिटी कॉलेजांसाठीचे ॲस्पेन पारितोषिक अमरिलोला विभागून मिळाले.

मारिया नजरेसमोर ठेवली की कार्यालयांची वेळही वेगळी दिसू लागते. सल्लागार नऊ ते पाच बसत असेल आणि ती सहा वाजता वर्गाला येत असेल, तर तिच्यापुरता तो सल्लागार नाहीच. ग्रंथालयाचा छोटासा दंड थकला म्हणून पुढच्या सत्राची नोंदणी अडवून ठेवायची, ही अनेक कॉलेजांची जुनी पद्धत. नोंदणी अडल्याचे तिला कळते ते वर्ग भरून गेल्यावर. मग एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर हेलपाटे. आपल्याकडे ज्याला 'एक खिडकी' म्हणतात त्या व्यवस्थेची गरज इथे जितकी भासते तितकी क्वचितच कुठे भासत असेल.

आर्थिक मदतीचा सरकारी अर्ज हे असेच एक उदाहरण. पेल अनुदान नावाची, परत न करावी लागणारी मदत याच अर्जावर मिळते. या अर्जात बरीच वर्षे शंभराहून अधिक प्रश्न होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आयकर विवरणपत्र भरून देणाऱ्या दुकानांत आलेल्या कुटुंबांना तिथल्या तिथे हा अर्ज भरून दिला गेला. जेमतेम काही मिनिटांच्या या मदतीने त्या घरांतील हायस्कूलच्या वरच्या वर्गांत असलेल्या मुलांचे कॉलेजात जाण्याचे प्रमाण शंभरांमागे सुमारे आठने वाढले. दुसऱ्या काही कुटुंबांना माहिती सांगून अर्ज स्वतः भरायला सांगितले होते, त्यांच्यात तसा फरक पडला नाही. पत्रके छापणे आणि शेजारी बसून अर्ज भरून देणे यांतले अंतर नियोजकाने कायम लक्षात ठेवावे असे आहे.

तुटपुंजी मदत आणि भरभक्कम मदत

या विषयातला सर्वांत मोलाचा पुरावा ओहायो आणि न्यूयॉर्क इथून येतो.

ओहायोतील लोरेन काउंटी आणि ओवेन्स या दोन कॉलेजांत २००० च्या दशकात एक प्रयोग झाला. एरवी एका सल्लागारामागे हजारावर विद्यार्थी असत; प्रयोगातल्या विद्यार्थ्यांसाठी तो आकडा दीडशेच्या आसपास किंवा त्याहून बराच खाली आणला. सोबत दर सत्राला १५० डॉलरची छोटी रक्कम. ही व्यवस्था दोन सत्रे चालली. सुरुवातीला विद्यार्थी थोडे अधिक टिकले, पण मदत थांबली तसा परिणामही विरला. एक वर्ष हात धरला आणि मग सोडून दिला, तर पुढचा रस्ता पुन्हा तेवढाच लांब राहतो.

न्यूयॉर्क शहराच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये 'एसॅप' कार्यक्रम सुरू केला तो याहून निराळ्या हिशोबाने. तीन वर्षांत निम्म्या विद्यार्थ्यांना पदवी मिळवून द्यायची, असे उद्दिष्ट आधी ठरवले आणि त्याला काय काय लागेल ते मागून जोडत नेले. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे. अनुदान आणि फी यांत तूट राहिली तर ती माफ. पुस्तकांसाठी मदत. गणित-इंग्रजीची कच्ची बाजू सुधारणारे वर्ग पुढे न ढकलता लगेच घ्यायचे. वर्ग सलग वेळात, म्हणजे नोकरीला उरलेला दिवस मोकळा. एका सल्लागाराकडे साठ ते ऐंशीच विद्यार्थी, आणि हे सगळे सलग तीन वर्षे.

त्यात मेट्रोकार्ड होते. महिनाभर भुयारी रेल्वे आणि बसने कितीही फिरता येईल असे ते पिवळे कार्ड. विद्यार्थी ठरल्याप्रमाणे सल्लागाराला भेटत राहिला की दर महिन्याला ते त्याला मिळे. ज्याने एसटीच्या पासावर कॉलेज केले आहे त्याला या कार्डाची किंमत वेगळी सांगायला नको. त्याने प्रवास सुटला, आणि महिन्यातून एकदा तरी कोणीतरी 'कसं चाललंय?' असे विचारणार, याचीही सोय झाली. एकाच वस्तूने दोन कामे केली.

तीन कॉलेजांतील ८९६ विद्यार्थ्यांची चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी करून एमडीआरसी या संशोधन संस्थेने हा कार्यक्रम तपासला. २०१५ च्या अहवालानुसार तीन वर्षांत एसॅपमधील ४० टक्के विद्यार्थ्यांनी पदवी मिळवली. नेहमीच्या सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण २२ टक्के होते. शिक्षणातल्या अशा चाचण्यांत एवढा मोठा फरक फारच क्वचित दिसतो. खर्चही मोठा होता. तीन वर्षांत विद्यार्थ्यामागे सुमारे १६,३०० डॉलर जास्त, म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक वाढ. मात्र पदवीधरही जवळजवळ दुप्पट झाले, त्यामुळे एका पदवीमागचा खर्च नेहमीपेक्षा कमीच पडला. प्रत्येक विद्यार्थ्यामागे किती खर्च झाला एवढेच पाहणारा लेखापाल या कार्यक्रमाला उधळपट्टी म्हणेल. पार पडलेल्या विद्यार्थ्यामागे किती, हे विचारणारा त्यालाच काटकसर म्हणेल. कुठला आकडा धरून आपण अंदाजपत्रक मांडतो यावर अशा योजनांचे जगणे-मरणे ठरते.

पुढे ओहायोतील तीन कॉलेजांनी हीच रचना उचलली. त्यांत लोरेन काउंटीही होते, म्हणजे आधीचा तोकडा प्रयोग पाहिलेलेच कॉलेज. तिथे न्यूयॉर्कसारखी भुयारी रेल्वे नाही. लोक मोटारीने येतात. म्हणून मेट्रोकार्डाऐवजी दरमहा पेट्रोल किंवा किराण्यासाठी ५० डॉलरचे कार्ड दिले गेले. तीन वर्षांनी पदवी मिळवणारे ३५ टक्के, तुलनेच्या गटात १९ टक्के. न्यूयॉर्कची चौकट तशीच ठेवून त्यांनी तपशील आपल्या गावाचा भरला, आणि नक्कल करायची तर ती अशी करावी.

एसॅपची मर्यादाही स्पष्ट आहे. पूर्णवेळ शिकण्याची अट आहे, आणि कम्युनिटी कॉलेजांतील बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. दोन नोकऱ्या सांभाळणारी मारिया या चौकटीत सहज बसत नाही. ज्यांना सर्वांत जास्त आधार हवा ते बाहेर राहण्याचा धोका इथे खरा आहे, आणि त्याचे पुरेसे उत्तर अजून सापडलेले नाही.

पूर्वतयारीच्या वर्गांची गोष्ट थोडक्यात. प्रवेशचाचणीत कमी पडलेल्यांना पदवीत न धरले जाणारे दोन-तीन वर्ग आधी करायला लावत. मदत म्हणून आखलेल्या या जिन्यावरच असंख्य विद्यार्थी बसून राहिले. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने हायस्कूलचे गुण पाहून थेट मुख्य वर्गात बसवायला आणि कच्ची बाजू त्याच सत्रात जोडवर्गाने भरून काढायला कॉलेजांना भाग पाडले. टेनेसीने जोडवर्गाची वाट त्याआधीच धरली होती.

भारतातील आणि मराठी संदर्भ

भारतात पुदुच्चेरी (१९९५) आणि मद्रास (१९९६) येथील कम्युनिटी कॉलेजांपासून ही कल्पना रुजू लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत महाविद्यालयांना असे अभ्यासक्रम चालवायला निधी दिला. त्यात भर कौशल्यांवर आहे. सल्लागार, प्रवास, पाळणाघर हा भाग मागेच पडला. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात एका मार्गदर्शक शिक्षकामागे किती विद्यार्थी, हा आकडा विचारला जातो. त्यामुळे मेंटॉर-मेंटीच्या याद्या महाविद्यालयांत तयार असतात. यादीतल्या मुलाशी महिन्यातून एकदा निवांत बोलणे होते का, हे मात्र यादीत दिसत नाही.

आधी पोट आणि निवारा, मग पुस्तक, हा क्रम मात्र महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहापासून सुरुवात केली, आणि मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र मोडले. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात श्रमाच्या बदल्यात शिक्षण देणारी 'कमवा आणि शिका' योजना आली. पुढे विद्यापीठांनीही ती स्वीकारली. आज एखाद्या महाविद्यालयाला साहाय्य सेवांची आखणी करायची असेल तर ही योजना, वसतिगृह, एसटीचा पास, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि मार्गदर्शक शिक्षक या पाचही गोष्टी त्याच्याजवळ आहेत. त्या पाच वेगळ्या टेबलांवर आहेत, एवढेच.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजाशी मराठी माणसांची गाठ पडते ती बहुधा जोडीदाराच्या नोकरीमागोमाग गेल्यावर. अशा जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर शिकता येते, पण पेल अनुदान मिळत नाही, म्हणून फीचा हिशोब आधी करावा लागतो. न्यू जर्सीतील एडिसनसारख्या भारतीय वस्तीच्या गावात मिडलसेक्स कॉलेज हाकेच्या अंतरावर आहे. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची पदवी आधीच हाती असलेल्या अशा विद्यार्थिनीला पहिली अडचण येते ती गुणपत्रिकेची. जुने विषय तिथे धरून घ्यायचे तर गुणपत्रिकेचे मूल्यमापन सहसा बाहेरच्या संस्थेकडून करून आणावे लागते, आणि त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. हे पहिल्याच भेटीत सांगणारा सल्लागार भेटला तर तिचे एक सत्र वाचते.